हरबा कुंभार आणि हद्दीवरची जादूशाळा: गल्लीच्या गणपतीत विडंबन-एकांकिका कशी उभी करावी

गणेशोत्सवात मंडपात चाळीसेक मिनिटांची विनोदी एकांकिका करायची, आणि तीही हॅरी पॉटरच्या जगाचं विडंबन, असं ठरलं की पहिल्या बैठकीत हमखास एकच होतं. प्रत्येक जण आपल्याला सुचलेली गंमत सांगतो. कुणी जादूगारांना रेशनच्या रांगेत उभं करतो, कुणी नव्या पोरांना शाळेतल्या गटांत वाटणाऱ्या टोपीला कन्नड बोलायला लावतो, कुणाला घुबडाच्या जागी कोंबडा हवा असतो. रात्री अकरापर्यंत पन्नास गमती जमतात आणि नाटक एक ओळही पुढे सरकलेलं नसतं. सुट्या गमतींवर दहा मिनिटांचं स्किट निघतं, चाळीस मिनिटं निघत नाहीत. त्यासाठी मूळ जगातला एकच नियम बदलायचा, तोही आपल्या भागातला, आणि पुढचं सगळं त्या नियमाला धरून काटेकोर चालवायचं.

इथे नमुन्याला घेतलेला बदल असा: शाळा स्कॉटलंडात नाही. ती बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या जंगलात, महाराष्ट्रातल्या चंदगडच्या हद्दीला लागून आहे आणि राज्याची सीमा थेट तिच्या जेवणाच्या दालनातून जाते. ज्या राज्यात मंत्र शिकलात त्याच राज्यात तो चालतो. रेषेपलीकडे त्याची किंमत शून्य.

हा नियम वहीच्या पहिल्या पानावर एका ओळीत लिहा आणि त्याखाली "मग काय होईल?" याची वीस-पंचवीस उत्तरं काढा. पहिली पाच-सहा उत्तरं सगळ्यांनाच सुचतात, त्यातली बहुतेक फेकून द्यावी लागतात. माल पुढे निघतो. रेषेवर उभ्या असलेल्या पोराला बेडूक केलं तर अर्धाच बेडूक होईल. मुख्य गुरुजींचं टेबल दोन्हीकडे आहे, म्हणून जेवणात पोळी इकडची आणि भाजी तिकडची, भाजीला प्रवेश कर. सगळ्यात चांगलं उत्तर भुताचं. शाळेतलं भूत 1950 साली मेलेलं. 1 नोव्हेंबर 1956 च्या राज्य पुनर्रचनेआधी बेळगाव मुंबई राज्यात होतं, नंतर म्हैसूर राज्यात गेलं, त्या राज्याचं नाव 1973 मध्ये कर्नाटक झालं. म्हणजे हे भूत कागदोपत्री दोन्हीकडचं नाही. त्याला रेषा लागत नाही, तो आरपार जातो, खरं त्याची पेन्शनही दोन्ही सरकारं एकमेकांकडे ढकलतात. असं पात्र गंमतही देतं आणि शेवटी कथेच्या कामालाही येतं. अशी उत्तरं ठेवायची. नुसता हशा देऊन संपणारी उत्तरं दोन-तीनच्या वर नकोत.

मूळ वस्तू आपल्याकडे आणताना

मंडपातल्या प्रेक्षकांत पुस्तकं वाचलेली, सिनेमे पाहिलेली पोरं पुढे सतरंजीवर असतात आणि ज्यांनी हे नावच ऐकलेलं नाही अशा आज्या मागे खुर्च्यांवर. प्रत्येक गमतीला दोन्हीकडून हशा आला पाहिजे. पोरांना ओळख पटते म्हणून, आजीला वस्तू घरातली आहे म्हणून. फक्त पोरं हसली तर ती गमत कापा. यात दयामाया नको.

घुबडाचं उदाहरण घ्या. मूळ कथेत शाळेचं पत्र घुबड आणतं. आपल्याकडे घुबड घरावर बसलं की अपशकुन. मग आजी केरसुणी घेऊन त्याला हुसकावणारच, आणि पत्र पोचणारच नाही. शाळा दुसरं घुबड पाठवते, तिसरं पाठवते, आजी तितक्यांदा हुसकावते. शेवटी शाळा कावळा पाठवते, कारण कावळा ओरडला की पाहुणे येणार म्हणून आजी खूश. तरी कावळा अट घालतो: पितृपंधरवड्यात ड्युटी करणार नाही. प्रयोग गणपतीत असल्याने पितृपक्ष दहा-बारा दिवसांच्या आत आलेला असतो, त्यामुळे हा हशा हुकत नाही.

झाडूवर बसून उडणं हे त्याहून सोयीचं. केरसुणी म्हणजे लक्ष्मी, दिवाळीत तिची पूजा होते, तिला पाय लागला तर नमस्कार करायचा. तिच्यावर दोन्हीकडे पाय टाकून बसणार कोण? म्हणून आपल्या शाळेत उड्डाणाला केरसुणी बंद, अंगण झाडायचा खराटाच चालतो, आणि सामन्याआधी खेळाडू एकेका खराट्याला हळदकुंकू लावतात. अदृश्य करणारा अंगरखा म्हणजे धनगरी घोंगडी. माणूस दिसत नाही, पण ती टोचते, त्यामुळे खाजवल्याचा आवाज येतो. या एका आवाजावर अख्खं दृश्य चालतं.

आनंद शोषून घेणाऱ्या काळ्या झग्यातल्या पहारेकऱ्यांना पिग्मीवाला करा. रोज संध्याकाळी दारोदार फिरून थोडी थोडी बचत गोळा करणारा पिग्मी कलेक्टर या भागात प्रत्येक दुकानदाराला माहीत आहे. आपला पिग्मीवाला रोज दहा मिनिटांचा आनंद गोळा करतो, पासबुकात नोंद करतो, मुदतीआधी मोडलं तर दंड कापतो. तो भेसूर नको, अतिशय गोड बोलणारा हवा. "काय मालक, आज थोडंच हसलात?" हे तो हसतमुखाने विचारतो तेव्हा अंगावर येतं.

आणि ज्याचं नाव घ्यायचं नाही तो खलनायक. आपल्याकडे नाव न घेण्याची रीत बायकांना पाठ आहे, आणि ती मोडायची वाटही: उखाणा. सगळं गाव त्याला "ते" म्हणतं. लग्नाच्या पंगतीत त्याच्या बायकोला आग्रह होतो, ती लाजते, पदर सावरते आणि म्हणते:

चुलीवर ठेवलं दूध, आटवून केला कुंदा,
वल्डोजीरावांनी बंद पाडला सगळ्यांचा धंदा.

नाव उच्चारताच दिवे जातात. कुंदा बेळगावचाच, त्यामुळे पहिल्या ओळीलाच टाळी पडते आणि दुसरी ओळ त्या टाळीत बुडते. नटीला बजावून ठेवा: पहिल्या ओळीनंतर टाळी ओसरेपर्यंत थांबायचं.

झाडूवरच्या खेळाचं मात्र फार काही करू नका. मूळ खेळात सात-सात खेळाडू, एका गोलाला 10 गुण आणि तो छोटा सोनेरी चेंडू पकडला की 150 गुण मिळून खेळ संपतो. म्हणजे बाकी सहा जण कशाला घाम गाळतात हा प्रश्न मुळातच विनोदी आहे. टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धेचा गावठी समालोचक आणून हाच प्रश्न त्याच्या तोंडी घाला, तीन-चार मिनिटांत आवरा.

नावं आणि कायदा

नायकाचं आडनाव कुंभार ठेवण्यात दोन फायदे. मूळ आडनावाचा अर्थ तोच, आणि खानापूर मातीकामासाठी ओळखलं जातं, तिथे कुंभारकामाची केंद्रीय प्रशिक्षण संस्था आहे. मग जादूची कांडी शोधावी लागत नाही: चाक फिरवायची काठी हीच कांडी. चाकाच्या कडेजवळच्या खाचेत टोक अडकवून गरगर फिरवायची ती. एक पथ्य पाळा. जातीवर किंवा धंद्यावर विनोद नको. हरबाला जे येतं ते धंद्यामुळे येतं, आणि शेवटी जिंकतोही त्याच विद्येवर.

मूळ पात्रांची नावं, सिनेमाचं संगीत, बोधचिन्ह, पोस्टरवरचा अक्षरांचा तो विजेसारखा वळसा, यातलं काहीही घेऊ नका. 2007 साली कोलकात्याच्या सॉल्ट लेकमधल्या एका दुर्गापूजा मंडळाने त्या जादूशाळेचा मंडप उभारला तेव्हा हक्कदार 20 लाखांची भरपाई मागत दिल्ली उच्च न्यायालयात गेले होते. न्यायालयाने उत्सव होऊ दिला, पण मंडळाला व्हायचा तो ताप झालाच. पुढच्या वर्षी "हरी पुत्तर" या हिंदी सिनेमाच्या नावावरून दावा झाला, तिथेही प्रदर्शन थांबलं नाही. आपल्या प्रताधिकार कायद्यात (1957) कलम 52 मध्ये टीका-समीक्षेसाठी रास्त वापराला सूट आहे. हौशी मंडळाने पैसे न घेता किंवा धार्मिक संस्थेसाठी केलेल्या प्रयोगालाही सूट आहे. विडंबनाचा वेगळा उल्लेख मात्र त्यात नाही. म्हणून कल्पना घ्या, शब्द आणि चित्रं स्वतःची ठेवा. तिकीट लावू नका. प्रयोगाचं चित्रीकरण यूट्यूबवर टाकायचं तर पार्श्वसंगीत आपल्याच पेटी-ढोलकीवाल्याचं हवं, नाहीतर दुसऱ्या दिवशी आवाज बंद झालेला दिसेल.

एक दृश्य जवळून

मूळ कथेतला स्टेशनवरचा फलाट नऊ आणि तीन चतुर्थांश. आपल्याकडे पावणेदहा. बेळगाव स्टेशनवरचा हमाल आणि हरबा:

हरबा: मामा, पावणेदहा कुठं हाय हो?
हमाल: आत्ता सव्वानऊ झालेत. थांब की अर्धा तास.
हरबा: वेळ न्हवं ओ. फलाट. फलाट पावणेदहा.
हमाल: (त्याच्या मागं वाकून बघत) पाव्हणे दहा? मग तू एकटाच का? बाकीचे नऊ कुठं ऱ्हायले?
हरबा: चिठ्ठीत लिव्हलंय बघा.
हमाल: (चिठ्ठी लांब धरून) ओंबत्तू मुक्कालु! मग आदी सांगायचं न्हाई? त्यो तिसरा खांब. डोळं झाकायचं, आत घुसायचं.
हरबा: (खांबाकडे धावतो)
हमाल: खरं जरा दमानं. रंग वला हाय.

(हरबा खांबाआड जातो. आवाज. दुसऱ्या बाजूने बाहेर येतो तो कपाळापासून बोटांपर्यंत पिवळा.)

यात काय चाललंय ते पाहा. शब्दावरचा विनोद दोनदाच वळतो, तिसऱ्यांदा हमाल कोटी करत नाही, कन्नडमध्ये वाचतो आणि झटक्यात त्याला सगळं कळतं. त्याला जादूचा फलाट माहीत असणं हे नवल नाही, रोजचं आहे. विडंबनातली साधी माणसं जादू बघून थक्क होता कामा नयेत. त्यांना जादूपेक्षा रंग ओला आहे ही गोष्ट महत्त्वाची वाटली पाहिजे. आणि पिवळा रंग पुढच्या दृश्यात कामाला येतो: दालनात शिरणाऱ्या सगळ्या नव्या पोरांची कपाळं पिवळी, कुणी काही बोलत नाही.

रंगासाठी तेलरंग वापरायचा मोह टाळा. मुलतानी माती आणि हळद पाण्यात दह्याइतकी घट्ट कालवून खांबामागे ताटलीत ठेवा. आत गेल्यावर नटाने दोन्ही हात बुडवून तोंडाला फासायचं, तीन सेकंदांचं काम. हळद सफेद शर्टाला कायमची लागते, तेव्हा शर्ट जुना घ्या.

भाषा

पुण्या-मुंबईकडच्या विनोदी नाटकात कन्नड बोलणारा आला की गैरसमज व्हायलाच हवा असं समीकरण असतं. बेळगावात ते खोटं वाटतं, कारण इथे भाजीवाली, रिक्षावाला, तलाठी, सगळ्यांना दोन्ही भाषा कामापुरत्या तरी येतात. टोपी कन्नडमध्ये विचारते, आई मराठीत उत्तर देते, दोघांचं भांडण रंगतं आणि एकालाही दुभाषी लागत नाही, हे इथलं खरं दृश्य. एकच माणूस गोंधळलेला ठेवा: पुण्याहून तपासणीला आलेला जादू-निरीक्षक. त्याला "खरं" म्हणजे "पण" हेही उमगत नाही, त्यामुळे कुणी "येतो खरं उद्या" म्हणालं की तो त्याच दिवशी वाट बघत बसतो.

खेडवळ बोली सगळ्यांच्या तोंडी सारखी घालू नका. शहापूरच्या विणकर घरातली बाई, निपाणीकडचा तंबाखूचा व्यापारी आणि खानापूरचा कुंभार एकसारखं बोलत नाहीत. नटाला त्याच्या घरची बोली बोलू द्या आणि पात्रच त्या गावचं करा, लिहिलेल्या नकली बोलीपेक्षा ते कधीही बरं. कन्नड वाक्यं कन्नड घरातल्या माणसाकडून तपासून घ्या. आदरार्थी "री" कुठे लागतो आणि कुठे लागत नाही हे चुकलं की समोरची अर्धी गल्ली नाटक सोडून तेच बोलत बसते.

सीमेच्या राजकारणाबद्दल आमचं मत ठाम आहे: रेषा चालेल, बाजू नको. पक्ष, संघटना, आमदार, घोषणा, झेंडा यातलं काही आलं की त्या क्षणी विडंबन संपून सभा सुरू होते. हशा कागदावर काढा. वर्गवारी करणारी टोपी म्हणजे निवृत्तीला आलेला कारकून: पांढरी जुनी टोपी, आतून आवाज. ती डोक्यावर बसताच उतारा मागते, नाडकचेरीचा (कर्नाटकातल्या महसूल कार्यालयाचा) दाखला मागते, सर्व्हर डाऊन आहे म्हणते, जेवायला जाते. शाळेच्या चारही घरांत, म्हणजे गटांत, जागा नाही, म्हणून हरबाला पाचव्या घरात टाकते. घराचं नाव "पेंडिंग". तो शेवटपर्यंत व्हरांड्यात झोपतो. हे दोन्ही राज्यांच्या माणसांना सारखंच लागू पडतं.

बांधणी आणि पानं

ए-फोर कागदावर मोठ्या टायपात, ओळी सुट्या ठेवून टाइप केलेलं एक पान दोन मिनिटांच्या आसपास जातं. 38 मिनिटांच्या मजकुराला 19-20 पानं पुरतात. हशे धरून प्रयोग 45 मिनिटांवर जातो. वाटणी ढोबळ अशी: घर आणि घुबडं 6 मिनिटं, स्टेशन 5, टोपी 8, पंगत, सामना आणि पिग्मीवाला मिळून 10, रेषेवरचा शेवट 9. नियम पहिल्या तीन मिनिटांत, सोप्या वाक्यात, दोनदा सांगून झाला पाहिजे. एकदा आजीच्या तोंडून, एकदा भुताच्या. उशिरा आलेला प्रेक्षक हा कायमचा गृहीत धरा.

शेवट नियमातूनच फुटला पाहिजे. वल्डोजीराव हुशार, तो बरोब्बर रेषेवर उभा राहतो, त्यामुळे इकडचा मंत्रही लागत नाही आणि तिकडचाही. मूळ कथेत खलनायक आपला जीव वेगवेगळ्या वस्तूंत लपवतो. आपला काटकसरी आहे: सात मडकी मांडतो, जीव एकातच, सहा नुसती दाखवायला. कोणतं खरं हे जादूने कळत नाही. हरबा काठीने एकेक मडकं वाजवतो. भाजलेलं चांगलं मडकं खणखणतं, तडकलेलं किंवा कच्चं थप्प वाजतं, हे कुंभाराच्या पोराला उपजत कळतं. रेषेवरचं मडकं पलीकडून भूत सरकवून देतं, कारण हद्द ओलांडायला फक्त तोच मोकळा. थप्प वाजलेलं फुटतं, संपलं.

मडक्यांची व्यवस्था

इथे सगळ्यात जास्त चुका होतात म्हणून सविस्तर. सहा मडकी भाजलेली घ्या आणि एकच कच्चं, म्हणजे वाळलेलं पण न भाजलेलं. आवाजातला फरक मग खरोखरचाच असतो, वेगळा ध्वनी लावावा लागत नाही. फुटतं तेही कच्चंच. भाजलेल्या मडक्याच्या खापऱ्या पायात घुसतात, आणि नट अनवाणी असतात. कच्च्याचा भुगा होतो. सातही सारखी दिसावीत म्हणून सगळ्यांना गेरूचा हात द्या, पण कच्च्याला एकच पातळ हात, झरझर, आणि लगेच पंख्याखाली. दोन हात दिले की पाणी मुरून कड ढासळते.

कच्चं मडकं भाद्रपदातली हवा ओढतं. दोन दिवस मंडपात उघडं ठेवलं तर ते फुटायचं नाव घेत नाही, आपटलं की शेणाच्या गोळ्यासारखं चेपतं. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून घरातच ठेवा, प्रयोगाआधी अर्ध्या तासाने आणा. प्रत्येक प्रयोगाला एक, तालमींना चार-पाच आणि दोन जादा, असा हिशोब धरा. ऑर्डर आषाढातच द्या. श्रावण लागला की कुंभारवाड्यात सगळे हात गणपतीच्या मूर्तीत गुंतलेले असतात, तुमच्या मडक्यांकडे कुणी बघणार नाही.

बाकी जादू

अर्धा बेडूक: पोशाख उभा मधोमध शिवलेला, उजवी बाजू हिरवी, डावी शाळेच्या गणवेशाची. नट नेहमी एका कुशीने प्रेक्षकांकडे उभा राहतो, रेषा ओलांडताना गिरकी घेतो. गिरकीच्या क्षणी ढोलकीची एक थाप. रेषा फक्कीने आखू नका, पहिल्याच दृश्यात पायांनी पुसते. पांढरी कापडी पट्टी, दोन इंच रुंद, खिळ्यांनी ठोका.

उड्डाणाला दोरीने माणूस लटकवायचा विचार मंडपाच्या बांबूंवर अजिबात नको. चार फूट बाय दोन फूट प्लाय, खाली तीन इंची चार चाकं, पुढे ओढायला दोरी. स्वार त्यावर गुडघ्यांवर बसतो, हातात खराटा. पुढे तीन फूट उंच ढगांचा पडदा, त्यामुळे दिसतो फक्त कमरेवरचा भाग. दोन पोरं वाकून ओढतात. अडचण फळ्यांची: मंडपवाले स्टेज फळ्यांचं बांधतात, फटीत चाक अडकलं की स्वार तोंडावर पडतो. ओढायच्या वाटेवर 12 मिलिमीटर प्लाय सलग अंथरा आणि कडा खिळ्यांनी बसवा. सतरंजीने भागत नाही, ती गोळा होते.

तरंगणाऱ्या पत्राला मासे पकडायचा नायलॉनचा बारीक दोरा. समोरून उजेड पडला की तो चमकतो, म्हणून त्या वेळी समोरचे दिवे विझवून बाजूचे ठेवा.

धुरासाठी कोरडा बर्फ सुंदर दिसतो, जमिनीलगत पसरतो. दोन किलो तुकडे पंधरा-वीस लिटर गरम पाण्यात, तेही एकदम न टाकता तीन-चार वेळा करून. तो उणे 78 अंशांवर असतो, उघड्या हाताने धरला तर कातडी जळते. जाड हातमोजे आणि चिमटा लागतोच. थर्माकोलच्या पेटीत आणा, झाकण सैल ठेवा, बाटलीत कधीही बंद करू नका, फुटते. बंद खोलीत वापरू नका, गुदमरतं. तो ठेवला तरी उडून जातो, त्यामुळे सकाळी आणलेला रात्री निम्माही उरत नाही. हे सगळं सांभाळायला एक जबाबदार माणूस नसेल तर धुराचं भाड्याचं मशीन बरं. मंडपात मशाल, कापूर, फटाका काहीही पेटवू नका. कापडी मंडपाला एक ठिणगी पुरते.

आवाज आणि पाऊस

लाउडस्पीकर रात्री 10 नंतर बंद, हा 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा दंडक. सणात काही ठरावीक दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देतं, आपल्या प्रयोगाचा दिवस त्यात आहे का ते पोलीस परवानगी घेताना विचारा. आरती साडेसातला, बक्षीस समारंभ आठला, त्यात पाहुण्यांची भाषणं. एकांकिका साडेनऊला लागली तर शेवटचं मडकं माइक बंद झाल्यावर फुटतं. भाषणं नाटकानंतर ठेवायचा आग्रह धरा. रागावतील ते रागावतील.

माइक स्टेजच्या पुढच्या कडेला तीन, सात-आठ फुटांवर एक, आणि मडक्यांजवळ खाली चौथा, फूटभर अंतरावर, नाहीतर थप्प आणि खणखण यातला फरक चौथ्या रांगेपलीकडे पोचत नाही. स्पीकर माइकच्या पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून. मागे ठेवले की शिट्टी.

पाऊस येणारच. ताडपत्रीवर सर धरली की संवाद ऐकू येत नाहीत, आणि ओरडून काही साधत नाही, विनोद ओरडला की मरतो. त्यासाठी संहितेत आधीच दोन जागा राखा, जिथे नटांना न बोलता तीन-चार मिनिटं खेळता येईल. घोंगडीतल्या माणसाचं खाजवणं ही एक, पिग्मीवाल्याने प्रेक्षकांत उतरून प्रत्येकाच्या चेहऱ्यावरचा आनंद मोजून पासबुकात लिहिणं ही दुसरी. सर आली की सूत्रधाराने ठरलेली खूण करायची, सगळे जिथे असतील तिथे थिजतात आणि त्यातलं एक सुरू होतं. ही खूण तालमीत बादलीवर पाणी ओतून किमान तीनदा घोटून घ्या. लोकांना वाटलं पाहिजे की ते नाटकातच होतं.

ताडपत्रीच्या पोटात पाणी साठतं ते प्रयोगाच्या दहा मिनिटं आधी बांबूने ढोसून काढा, मध्येच काढलं तर पहिल्या रांगेतल्या पोरांच्या डोक्यावर येतं. घोंगडी भिजली तर पिळू नका, आडव्या बांबूवर पसरून ठेवा. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गल्लीत प्रयोग असेल तर ती वाळणार नाही हे धरून चाला आणि आजच एक जादा मागून ठेवा.